वीज गेली की पोर्टेनर नवे खाते मागतो: कारण, तपासणी आणि उपाय

पावसाळ्यात गोव्यातील आमच्या फोंडा तालुक्यात वीज जाणे नवे नाही. माडाची झावळी किंवा फणसाची फांदी तारेवर पडते, घर काळोखात जाते, आणि कधी दहा मिनिटांनी तर कधी दुसऱ्या दिवशी सकाळी दिवे परत लागतात. माझ्या घरी कपाटावर रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आणि त्याला यूएसबीने जोडलेली २ टेराबाइटची फिरती हार्ड डिस्क अशी मांडणी काही वर्षांपासून आहे. संगणकावर डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रणाली कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे सॉफ्टवेअर, चालतो, आणि त्यातील कंटेनर पाहणे, थांबवणे, अद्ययावत करणे ही कामे मी ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पोर्टेनरमधून करतो. घरचे फोटो, बाबांच्या भजनी मंडळाची ध्वनिमुद्रणे, दरवर्षीच्या चवथीतील माटोळीची (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीची) छायाचित्रे हे सारे त्या डिस्कवर असते आणि घरातील माणसे ते फोनवर पाहतात.

दोन पावसाळे एकच तक्रार पुन्हापुन्हा उद्भवत राहिली. वीज परत आल्यावर पोर्टेनरचे पान उघडले की नेहमीच्या प्रवेशपानाऐवजी, पहिल्यांदा स्थापना करताना दिसते ते प्रशासक खाते तयार करण्याचे पान समोर येई. कधी तेही न दिसता, सुरक्षेच्या कारणास्तव मुदत संपली असून पोर्टेनर पुन्हा सुरू करावा, अशा अर्थाची सूचना दिसे. त्याच सुमारास बाबा विचारत, "अरे, काल भरलेली भजनं दिसत नाहीत. गेली कुठे?" मी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाही, तर त्यात जुने सगळे जागच्या जागी, आदल्या दिवशी भरलेले तेवढे मात्र नाही.

या लक्षणांचा उलगडा व्हायला मला फार वेळ लागला, कारण मी ती वेगवेगळी दुखणी समजत होतो. ती एकाच कारणाची रूपे आहेत. बाहेरची डिस्क वापरणाऱ्या कोणाच्याही घरी हे घडू शकते, आणि चुकीचा उपाय केल्यास माहिती खरोखर हरवू शकते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आज्ञा, पर्याय आणि फोल्डर यांची नावे मी देवनागरीत दिली आहेत. संगणकावर टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.

मी केलेले चुकीचे उपाय

पहिल्या वेळी मी समोर आलेल्या पानावर मुकाट्याने नवे खाते तयार केले. बारा अक्षरांचा पासवर्ड दिला, पोर्टेनर उघडला आणि सर्व कंटेनर यादीत दिसले, त्यामुळे काम झाले असे वाटले. कंटेनर दिसणे स्वाभाविकच होते, कारण त्यांची नोंद डॉकरकडे असते, पोर्टेनर ती फक्त वाचून दाखवतो. परंतु स्टॅकच्या, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या लेखी मांडणीच्या, यादीत प्रत्येक स्टॅकसमोर तो पोर्टेनरच्या बाहेर तयार झाला असून त्यावरील नियंत्रण मर्यादित आहे, अशी टीप होती. ते सगळे स्टॅक मी स्वतः पोर्टेनरमध्येच लिहिले होते. ही टीप म्हणजे मोठा पुरावा होता, पण तेव्हा मी ती ओलांडून पुढे गेलो.

दुसऱ्या वेळी टर्मिनलमधून पोर्टेनरचा कंटेनर रीस्टार्ट केला आणि जुने प्रवेशपान, जुना पासवर्ड, जुने स्टॅक असे सगळे परत आले. त्यावरून रीस्टार्ट हाच उपाय असल्याची माझी समजूत झाली, पण फोटोंचे पान रिकामेच राहिले. तिसऱ्या वेळी मी पोर्टेनर काढून पुन्हा बसवला. त्याने काहीच साधले नाही. उलट जुन्या खात्यातील काही नोंदी पुन्हा हाताने भराव्या लागल्या.

खात्री करून घेण्यासाठी मी संगणक मुद्दाम चार-पाचदा रीबूटही केला होता. एकदाही तक्रार उद्भवली नाही. रीबूट केल्यावर सर्व सुरळीत आणि वीज गेल्यावर बिघाड, या फरकातच उत्तर दडलेले होते.

खरे कारण

पोर्टेनर आपली सर्व माहिती, म्हणजे खाती, सेटिंग आणि स्टॅकच्या फाइली, कंटेनरच्या आतील डेटा नावाच्या फोल्डरात ठेवतो. तेथे पोर्टेनर.डीबी ही त्याची मुख्य फाइल असते आणि कंपोज नावाच्या उपफोल्डरात प्रत्येक स्टॅकचा मजकूर असतो. अधिकृत स्थापनेत या फोल्डरासाठी डॉकरचे, आपण नाव दिलेले व्हॉल्यूम (डॉकर स्वतः सांभाळतो ती साठवणीची जागा) वापरायला सांगितले आहे. मी मात्र सगळी माहिती एका जागी राहावी या हेतूने तो फोल्डर थेट बाहेरच्या डिस्कवरील एका फोल्डराशी जोडला होता. तो निर्णय माझा होता आणि दोषही तेथूनच सुरू झाला. पोर्टेनर सांगितल्याप्रमाणेच वागत होता.

वीज आली की संगणक आणि डिस्क दोन्ही एकदमच जागे होतात. संगणकाची मूळ प्रणाली ज्यावर असते ते मेमरी कार्ड तत्काळ वाचता येते, पण फिरत्या डिस्कला वेग घ्यायला, यूएसबीवर ओळख पटवायला आणि तिची फाइलप्रणाली माउंट व्हायला, म्हणजे ठरलेल्या फोल्डराच्या जागी जोडली जायला, बरेच सेकंद लागतात. माझ्या संगणकाच्या नोंदींत डॉकर चौदाव्या सेकंदाला सुरू झालेला दिसला आणि डिस्क एकतिसाव्या सेकंदाला माउंट झालेली. मधल्या सतरा सेकंदांत डॉकरने सर्व कंटेनर सुरू केले होते. साध्या रीबूटमध्ये डिस्कचा स्वतंत्र अडॅप्टर चालूच राहतो, ती फिरतच असते आणि लगेच सापडते. म्हणून माझ्या प्रत्येक चाचणीत सगळे व्यवस्थित दिसत होते.

डिस्क आलेली नसताना डॉकरला तो फोल्डर सापडत नाही. अशा वेळी कंटेनर जोडणीच्या जुन्या, आखूड पद्धतीने लिहिलेला असेल, म्हणजे कोलनच्या एका बाजूला बाहेरचा मार्ग आणि दुसऱ्या बाजूला आतला मार्ग, तर डॉकर त्रुटी दाखवत नाही. तो त्या मार्गावर एक रिकामा फोल्डर स्वतःच तयार करतो आणि कंटेनर सुरू करतो. हा फोल्डर डिस्कवर नसतो, डिस्क जेथे माउंट होणार त्याच ठिकाणी खालच्या कार्डावर असतो. पोर्टेनर आपला डेटा फोल्डर उघडतो, तो रिकामा दिसतो, आणि आपली नवी स्थापना झाली आहे असे गृहीत धरून तो नवे खाते मागतो.

काही सेकंदांनी डिस्क येते आणि त्याच ठिकाणी माउंट होते. टर्मिनलमध्ये पाहिले तर आता सगळ्या फाइली दिसतात, त्यामुळे पाहणारा पुरता गोंधळतो. पण चालू असलेल्या कंटेनरने सुरू होताना जो फोल्डर धरला, तो धरूनच ठेवलेला असतो. नंतर वर चढलेली डिस्क त्याला नेहमीच्या मांडणीत दिसत नाही. जमिनीवर गालिचा अंथरला तरी खालची जमीन जागेवरच असते, आणि कंटेनर त्या जमिनीवरच लिहीत राहतो. बाबांनी भरलेली भजने तेथे, गालिच्याखाली, कार्डावर पडलेली होती. पोर्टेनर रीस्टार्ट केल्यावर त्याने फोल्डर नव्याने धरला, तोवर डिस्क आलेली होती, म्हणून त्याचे जुने रूप परतले. फोटोंचा कंटेनर मी रीस्टार्ट केला नव्हता, म्हणून तो रिकामाच राहिला.

मुदत संपल्याच्या सूचनेचेही कारण हेच. नव्या स्थापनेनंतर पाच मिनिटांत कोणी प्रशासक खाते तयार केले नाही, तर पोर्टेनर आपले काम थांबवतो आणि फक्त ती सूचना दाखवतो. रात्री दोन वाजता वीज आली आणि सकाळी सात वाजता मी पान उघडले, तर ती मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. ही मुदत अडवणूक नाही, तिला भक्कम कारण आहे. पोर्टेनरला डॉकरचे सॉकेट, म्हणजे डॉकरला आज्ञा देण्याचे दार, दिलेले असते आणि ज्याच्या हाती ते सॉकेट, त्याच्या हाती व्यवहारात संपूर्ण संगणक असतो. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि निम्मे फोन आमच्या वायफायवर असतात. अशा वेळी उघडे पडलेले खातेपान जो पहिला भरेल तो प्रशासक होतो. म्हणून माझ्या मते ही तक्रार केवळ गैरसोयीची समजू नये.

सर्वच प्रणाली रिकामा फोल्डर पाहून फसत नाहीत. फाइली साठवण्यासाठीचा नेक्स्टक्लाउड आपल्या डेटा फोल्डरात एक खूणफाइल ठेवतो आणि ती नसेल तर फोल्डर अवैध असल्याचे सांगून थांबतो. फोटोंसाठीचा इमिचही अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये अशी खूण तपासतो. याउलट पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अधिकृत इमेजला (कंटेनर ज्यावरून तयार होतो त्या साच्याला) रिकामा फोल्डर मिळाला की ती तेथे कोरा डेटाबेस उभा करते. त्यामुळे डेटाबेसचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर असेल, तर वीज गेल्यानंतर एखादी प्रणाली अगदी कोरी होऊन आपले स्वागत करते आणि आपण घाबरून तिथे नव्याने माहिती भरू लागतो.

आपल्याकडे हेच घडते आहे का, हे कसे पाहावे

तक्रार चालू असतानाच तपासणी करावी. रीस्टार्ट केल्यास पुरावा जातो. पोर्टेनर उघडत असेल तर फोटोंच्या किंवा अन्य एखाद्या कंटेनरचा कन्सोल उघडावा आणि ज्या फोल्डरात बाहेरची माहिती यायला हवी, त्याच्यासाठी डीएफ ही डिस्कची जागा दाखवणारी आज्ञा द्यावी. माझ्या बाबतीत १.८ टेराबाइटऐवजी २९ गिगाबाइट असा आकडा आला. ३२ गिगाबाइटच्या कार्डाचा तो आकार, म्हणजे कंटेनर कार्डावर लिहीत होता. पोर्टेनरच्या स्वतःच्या कंटेनरात मात्र हा प्रयोग करता येत नाही, कारण त्याच्या नेहमीच्या इमेजमध्ये शेलच, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्रामच, नसतो. कन्सोल उघडला नाही म्हणून वेगळा बिघाड शोधत बसू नये.

त्यानंतर मुख्य संगणकावर जर्नलसीटीएल आज्ञेने चालू बूटच्या नोंदी पाहाव्यात आणि डॉकर सुरू होण्याची व डिस्क माउंट होण्याची वेळ ताडून पाहावी. येथे एक अडचण येते. रास्पबेरी पाय ४ मध्ये वीज नसताना चालणारे घड्याळ नाही. वीज गेल्यावर तो शेवटी साठवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो आणि इंटरनेट मिळाल्यावर वेळ एकदम उडी घेते, त्यामुळे नोंदींवरील घड्याळी वेळ भरवशाची राहत नाही. नोंदी शॉर्ट-मोनोटॉनिक या स्वरूपात मागाव्यात. मग प्रत्येक ओळीपुढे बूट झाल्यापासूनचे सेकंद दिसतात आणि क्रम निःसंशय कळतो.

गालिच्याखाली काय साचले आहे ते पाहण्यासाठी डिस्क काढण्याची गरज नाही. एमएनटी फोल्डरात तपास नावाचा एक रिकामा फोल्डर करावा आणि माउंट आज्ञेच्या बाइंड पर्यायाने मूळ फाइलप्रणाली तेथे जोडावी. या जोडणीत वरून चढलेल्या डिस्क येत नाहीत, त्यामुळे तपास फोल्डरातून डिस्कच्या मार्गाने आत गेल्यावर थेट कार्डावरील फोल्डर दिसतो. मी पहिल्यांदा तो उघडला तेव्हा दोन पावसाळ्यांतील भजने, पुतणीच्या बारशाचे फोटो आणि पोर्टेनरची एक वेगळी पोर्टेनर.डीबी फाइल अशी सारी हरवलेली माहिती तेथे होती. कार्ड का भरत चालले होते, याचाही उलगडा तेव्हाच झाला.

याच दुखण्याचा आणखी एक प्रकार आहे. डेस्कटॉप असलेल्या प्रणालीत अनेकजण डिस्क आपोआप माउंट होऊ देतात आणि ती मीडिया फोल्डरात, वापरकर्त्याच्या नावाखाली, डिस्कच्या नावाने दिसते. तेथे डॉकरने आधीच त्या नावाचा रिकामा फोल्डर करून ठेवला असेल, तर प्रणाली डिस्कला त्याच नावापुढे १ लावून दुसऱ्या जागी माउंट करते. अशा वेळी कंटेनर कितीही रीस्टार्ट केले तरी माहिती परत येत नाही, कारण मार्गच बदललेला असतो. आपल्याकडे डिस्कच्या नावापुढे असा आकडा दिसला तर निदान झालेच असे समजावे.

आधी माहिती वाचवावी

उपाय करण्यापूर्वी सर्व कंटेनर थांबवावेत आणि कोणताही फोल्डर पुसू नये. कार्डावर साचलेले फोटो आणि ध्वनिमुद्रणे तपास फोल्डरातून डिस्कवरील एका वेगळ्या, नव्या फोल्डरात नकलून घ्यावीत, नकलेची संख्या आणि आकार मूळाशी ताडून पाहावा, आणि मग ती ज्या-त्या प्रणालीत तिच्या नेहमीच्या पद्धतीने भरावीत. जुन्या फोल्डरावर सरळ ओतू नयेत, कारण एकाच नावाच्या दोन फाइली असतील तर जुनी पुसली जाईल. डेटाबेसच्या बाबतीत तर दोन फोल्डर कधीही एकमेकांत मिसळू नयेत. डिस्कवरचा डेटाबेस खरा मानून कार्डावरचा बाजूला ठेवून द्यावा, आणि त्यात भरलेल्या नोंदी मोजक्या असतील तर त्या हाताने पुन्हा भराव्यात. यात माझा एक पूर्ण रविवार गेला, पण एकही भजन गमावले नाही.

कायमचा उपाय

सर्वप्रथम पोर्टेनरची माहिती बाहेरच्या डिस्कवरून काढून डॉकरच्या नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये ठेवावी. माझ्याकडे तिचा आकार इतका लहान आहे की कार्डावर तिचा भार जाणवतही नाही. स्थलांतरासाठी जुना, बरोबर असलेला पोर्टेनर उघडून सेटिंगमधून बॅकअप फाइल उतरवून घ्यावी, टर्मिनलमधून जुना कंटेनर काढून नवा कंटेनर रिकाम्या व्हॉल्यूमसह सुरू करावा आणि समोर येणाऱ्या स्थापनेच्या पानावर नवे खाते न करता बॅकअपमधून पुनर्स्थापना करण्याचा पर्याय निवडावा. येथेही पाच मिनिटांची मुदत लागू असते, म्हणून बॅकअप फाइल आधीच हाताशी ठेवावी. ही फाइल मी त्यानंतर दर महिन्याला घेतो आणि दुसऱ्या संगणकावर ठेवतो.

डिस्क माउंट करण्याचे काम डेस्कटॉपवर न सोपवता एफएसटॅब फाइलमध्ये लिहावे, आणि तेथे डिस्कची ओळख तिच्या यूयूआयडी या ओळखक्रमांकाने द्यावी. एसडीए, एसडीबी ही नावे डिस्क कोणत्या क्रमाने सापडल्या यावर ठरतात आणि बदलू शकतात. मी मूळ निर्देशिकेतील एसआरव्ही फोल्डरात साठा नावाचे ठिकाण केले आहे. पर्यायांमध्ये नोफेल अवश्य असावा. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर संगणक नव्वद सेकंद वाट पाहून आणीबाणीच्या अवस्थेत जातो, आणि ज्या संगणकाला पडदा आणि कळफलक जोडलेला नाही त्याच्यापर्यंत मग नेटवर्कवरून पोहोचताच येत नाही. नोफेलची दुसरी बाजू अशी की त्यामुळे सिस्टमडी, म्हणजे संगणक सुरू होताना सेवा उठवणारी व्यवस्था, त्या डिस्कसाठी बूट रोखून धरत नाही, आणि डॉकर पुढे धावतो. म्हणून डॉकरला वेगळे सांगावे लागते.

ते सांगण्याचे दोन मार्ग आहेत. सिस्टमसीटीएलच्या एडिट आज्ञेने डॉकर सेवेची पुरवणी फाइल उघडावी आणि युनिट विभागात रिक्वायर्समाउंट्सफॉर या निर्देशापुढे डिस्कचा मार्ग लिहावा. असे केल्यास डिस्क माउंट झाल्याशिवाय डॉकर सुरूच होत नाही. ज्यांचे सर्व कंटेनर त्या डिस्कवर अवलंबून आहेत, त्यांनी हाच मार्ग घ्यावा. तो सोपा आणि सर्वात सुरक्षित आहे. माझ्याकडे घरच्या नेटवर्कचे नावशोधन करणारा पाय-होलही याच डॉकरमध्ये आहे, आणि डिस्क बिघडली म्हणून सगळ्या घराचे इंटरनेट बंद पडावे हे मला पटले नाही. म्हणून मी डिस्कच्या माउंट युनिटचे नाव वॉन्ट्स आणि आफ्टर या दोन निर्देशांपुढे लिहिले. माउंट युनिटचे नाव मार्गातील तिरप्या रेषांच्या जागी आडव्या रेषा घालून तयार होते. यामुळे डॉकर डिस्कचा निकाल लागेपर्यंत थांबतो, पण डिस्क आलीच नाही तर मुदत संपल्यावर तिच्याशिवाय सुरू होतो. सिस्टमडी २५६ पासून याच कामासाठी वॉन्ट्समाउंट्सफॉर हा निर्देशही उपलब्ध आहे.

दुसरा मार्ग घेतल्यास कंटेनरांना रिकाम्या फोल्डरावर सुरू होण्यापासून रोखणे आवश्यक ठरते. त्यासाठी स्टॅकच्या मजकुरात आखूड पद्धत सोडून सविस्तर पद्धत वापरावी: प्रकार बाइंड, स्रोत, लक्ष्य, आणि त्याखाली क्रिएट-होस्ट-पाथ हा पर्याय स्पष्टपणे फॉल्स असा लिहावा. स्रोत म्हणून माउंटचे ठिकाण देऊ नये, कारण ते डिस्क नसतानाही अस्तित्वात असते. डिस्कच्या आतील उपफोल्डर द्यावा, म्हणजे डिस्क नसेल तेव्हा तो मार्गच सापडत नाही आणि कंटेनर स्पष्ट त्रुटी देऊन थांबतो.

याच्या जोडीला मी आणखी एक कडी घातली, आणि मला ती सर्वांत जास्त आवडते. डिस्क काढलेली असताना साठा हा रिकामा फोल्डर चॅटर (सी-एच-ए-टी-टी-आर) आज्ञेच्या, अधिकचे चिन्ह आणि आय अशा पर्यायाने अपरिवर्तनीय करावा. त्यानंतर रूटलाही त्यात काही लिहिता येत नाही, डॉकरलाही आत फोल्डर करता येत नाही, आणि डिस्क मात्र त्यावर नेहमीप्रमाणे माउंट होते. एखाद्या स्टॅकमध्ये जुनी पद्धत चुकून राहून गेली असली तरी ती येथे अडते. कार्डावरील मूळ फाइलप्रणाली ईएक्सटी४ असल्याने हे साधते.

डिस्क स्वतः एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइलप्रणालीची, असेल तर ती बदलावी असे मी आग्रहाने सुचवेन. अचानक वीज गेल्यावर तिच्यावर अस्वच्छ असल्याची खूण राहते आणि लिनक्समधील एनटीएफएस३ चालक अशी डिस्क सक्ती केल्याशिवाय माउंट करत नाही, त्यामुळे क्रम कितीही नीट लावला तरी डिस्क येतच नाही. माहिती दुसरीकडे हलवून डिस्क ईएक्सटी४ मध्ये तयार करावी.

सारखीच दिसणारी, पण वेगळी दुखणी

पोर्टेनरचे पान मुळीच उघडत नसेल तर वरील कारण लागू नाही. वीज आल्यावर राउटरने संगणकाला वेगळा आयपी पत्ता दिला असण्याची शक्यता आधी पाहावी आणि राउटरमध्ये तो पत्ता कायम राखून ठेवावा. पोर्ट ९४४३ वर पान उघडताना पत्त्याची सुरुवात एचटीटीपीएसने केली आहे ना, हेही पाहावे. साध्या एचटीटीपीने तेथे केवळ त्रुटीची एक ओळ दिसते. पोर्टेनरचे प्रमाणपत्र स्वतःच तयार केलेले असल्याने ब्राउझर इशारा देतो, ते बिघाडाचे लक्षण नाही.

पान उघडते, प्रवेश होतो, पण स्थानिक डॉकर उपलब्ध नसल्याचे दिसते, अशी स्थिती अद्ययावत केल्यानंतर आली असेल तर आवृत्त्या तपासाव्यात. डॉकर इंजिन २९ ने किमान एपीआय (दोन प्रणालींच्या संवादाची पद्धत) आवृत्ती १.४४ केली आणि जुन्या पोर्टेनरचा त्याच्याशी संवाद तुटला. येथे पोर्टेनर अद्ययावत करणे हाच उपाय आहे. पोर्टेनर आणि सर्व कंटेनर चालू आहेत, पण एखादी प्रणाली डेटाबेस सापडत नाही म्हणते, तर लक्षात घ्यावे की स्टॅकमधील डिपेंड्स-ऑन हा क्रम कंपोज या साधनाने स्टॅक उभा करताना पाळला जातो. वीज आल्यावर डॉकर स्वतः कंटेनर उठवतो तेव्हा तो क्रम पाळला जात नाही. अशी प्रणाली काही मिनिटांनी आपोआप सावरते, नाही तर एकदा रीस्टार्ट करावी.

चाचणी

साधे रीबूट करून येथे काही सिद्ध होत नाही, हे मी वर लिहिलेच आहे. चाचणी वीज जाण्यासारखीच हवी. मी दोन वेळा केली. प्रथम संगणक व्यवस्थित बंद केला, डिस्क आणि संगणक यांचे दोन्ही अडॅप्टर एकाच विस्तारफळीवर लावले आणि तिचे बटन दाबून दोन्ही एकदम सुरू केले. नोंदींत डिस्क एकोणतिसाव्या सेकंदाला आली आणि डॉकर तिच्यानंतर, तिसाव्या सेकंदाला सुरू झाला. पोर्टेनरने जुना पासवर्ड स्वीकारला.

दुसऱ्या वेळी डिस्कची यूएसबी केबलच काढून ठेवली. सुमारे दीड मिनिट काहीच घडले नाही, मग पोर्टेनर आपल्या सर्व जुन्या स्टॅकसह उघडला. पाय-होल हिरवा होता. फोटो आणि भजनांचे कंटेनर लाल, थांबलेले, आणि त्यांच्यासमोर स्रोत मार्ग अस्तित्वात नाही अशी त्रुटी. असे अडलेले कंटेनर डॉकर पुन्हा आपणहून उठवत नाही, कारण रीस्टार्टचे धोरण कंटेनर एकदा यशस्वीपणे सुरू झाल्यानंतरच लागू होते. केबल लावली, डिस्क माउंट केली, पोर्टेनरमध्ये दोन्ही कंटेनर निवडून सुरू करण्याचे बटन दाबले, आणि बाबांना फोनवर भजने लावून पाहायला सांगितले. तपास फोल्डर उघडून कार्डावरचा साठा पाहिला. तो रिकामा होता.